जगज्जेती ठरली, पण टोकियोत तिच्या गटाला जागाच नव्हती

25 ऑगस्ट 2019 चा रविवार बहुतेकांना आठवत असेल. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात पी. व्ही. सिंधूने नोझोमी ओकुहाराला 21-7, 21-7 असं धुतलं आणि जागतिक अजिंक्यपद मिळवलं. त्या वर्षी जागतिक स्पर्धा आणि पॅरा-बॅडमिंटनची, म्हणजे दिव्यांग खेळाडूंची, जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच एका शहरात, एकाच वेळी भरल्या होत्या. त्याच आठवड्यात मुंबईच्या अणुशक्तीनगरात वाढलेली मानसी जोशीही तिथे विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात तिने भारताच्याच पारुल परमार यांना 21-12, 21-7 असं हरवलं. ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत पोचायला मात्र पुढचे काही दिवस जावे लागले.

उशिरा पोचलेल्या त्या बातमीबद्दल तेव्हा बरंच बोललं गेलं. मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. टोकियो पॅरालिम्पिक एका वर्षावर आलं होतं आणि बॅडमिंटनचा पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदाच समावेश झाला होता. पण या खेळात अपंगत्वाप्रमाणे गट असतात, आणि मानसी ज्या गटात जगज्जेती झाली, त्या गटाची महिला एकेरी टोकियोच्या यादीतच नव्हती. हे बासेलच्या आधीच ठरलेलं होतं. अंतिम फेरीत नेटच्या दोन्ही बाजूंना असलेल्या दोघींनाही ते ठाऊक होतं.

मी संध्याकाळी मुलांची बॅडमिंटन बॅच घेते. गेल्या काही वर्षांत त्यात दिव्यांग मुलंमुलीही येतात. त्यांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, हिला पुढे यात काही आहे का?" उत्तर देताना मला दर वेळी हे प्रकरण आठवतं, म्हणून ते एकदा नीट मांडते आहे.

ती इथवर कशी आली

मानसीचा जन्म 1989 चा. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात होते, आणि वसाहतीत बॅडमिंटन सगळेच खेळायचे, तशी तीही लहानपणापासून खेळायची. 2010 मध्ये सोमय्या महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन ती सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली. 2 डिसेंबर 2011 ला दुचाकीवरून कामावर जाताना ट्रकने धडक दिली. पाय वाचवण्याचा प्रयत्न झाला, पण शेवटी डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तेव्हा ती 22 वर्षांची होती.

कृत्रिम पाय बसवल्यावर ती पुन्हा रॅकेट घेऊन उभी राहिली. सुरुवात कंपन्यांच्या आपसातल्या सामन्यांपासून झाली. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचं रौप्य, 2017 ला कोरियातल्या उल्सानला एकेरीचं कांस्य, 2018 ला जकार्तात आशियाई पॅरा स्पर्धेत कांस्य. त्याच वर्षी ती हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेली. पुढचं सोनं त्या तालमीचं आहे.

एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण बाहेरून ती दिसत नाही. बासेलच्या सुमारास मानसीने सॉकेट बदलला होता. मांडीचा उरलेला भाग ज्या खोबणीत बसतो, ती म्हणजे सॉकेट. आधीचा तिने पाच वर्षं वापरला होता आणि त्याने व्यायामाचा वेग कमी होतोय हे तिच्या लक्षात आलं. व्यायाम वाढला की मांडी बारीक होते, सॉकेट सैल पडतो, आत घाम साचतो, कातडी सोलवटते. आपल्या दमट हवेत तर फारच. धडधाकट खेळाडू बूट बदलतो. इथे अर्धा पायच नव्याने घडवून घ्यावा लागतो आणि मग शरीराला तो नव्याने शिकवावा लागतो.

अर्धं कोर्ट, पूर्ण दमछाक

पॅरा-बॅडमिंटनमध्ये सहा गट आहेत. व्हीलचेअरवर खेळणाऱ्यांचे दोन, डब्ल्यूएच-1 आणि डब्ल्यूएच-2. उभं राहून खेळणाऱ्यांत पायाचं अपंगत्व जास्त असेल तर एसएल-3, कमी असेल तर एसएल-4. हाताचं अपंगत्व असेल तर एसयू-5. उंची खुंटलेल्या खेळाडूंचा एसएच-6. मानसी आणि पारुल परमार दोघी एसएल-3 मधल्या.

एसएल-3 ची एकेरी अर्ध्या कोर्टावर होते. रुंदी निम्मी, लांबी मात्र पूर्ण, 13.40 मीटर. ऐकणाऱ्याला वाटतं, मग सोपं असेल. मी एकदा माझ्या बॅचच्या चांगल्या दोन मुलांना अर्ध्या कोर्टावर एकेरी खेळायला लावली. दहा मिनिटांत दोघं कमरेवर हात ठेवून उभे होते. पूर्ण कोर्टावर तुम्ही शटल आडवं फिरवता, समोरच्याला कोपऱ्यात पळवता आणि गुण संपवता. इथे कोपराच नाही. मागे उंच टॉस, पुढे ड्रॉप, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. फसवायचं असेल ते फक्त अंतराने आणि मनगटाने. रॅली संपता संपत नाही. पॅरिसला 2024 मध्ये पुरुष एसएल-3 ची अंतिम फेरी नितेश कुमार आणि ब्रिटनचा डॅनियल बेथेल यांच्यात झाली. ती 21-14, 18-21, 23-21 अशी सुमारे एक तास वीस मिनिटं चालली. ज्यांनी ती पाहिली त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आता यात पाय घाला. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू नेटकडे झेपावतो तो उजवा पाय पुढे टाकून, आणि डावा पाय त्याला मागून ढकलतो, तोल धरतो, परत मध्यावर आणतो. डावा पाय गुडघ्याच्या वरून नसेल तर ढकलणारा गुडघाच यांत्रिक असतो. भार असताना तो नको तेव्हा वाकला की माणूस खाली. मग खेळाडू धडधाकट पायावर छोट्या उड्या मारत मागे सरकायला शिकतो, शटल उशिरा घ्यायला शिकतो, आणि मुख्य म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून फटका आधीच वाचायला शिकतो. हे शेवटचं कौशल्य मला सगळ्यात सुंदर वाटतं. पायाने जे जमत नाही ते डोळ्यांनी भरून काढलेलं असतं.

तीन दारं

टोकियोची यादी बघा. पुरुष एकेरीत सहाच्या सहा गट होते. महिला एकेरीत चार: डब्ल्यूएच-1, डब्ल्यूएच-2, एसएल-4 आणि एसयू-5. एसएल-3 नाही, एसएच-6 नाही. दुहेरी आणि मिश्र धरून एकूण 14 प्रकार आणि 90 खेळाडू.

मग एसएल-3 च्या विश्वविजेतीपुढे उरतं काय?

पहिलं दार वरच्या गटाचं. नियमाने कमी अपंगत्वाच्या गटात खेळता येतं. म्हणजे एसएल-4 मध्ये. पण एसएल-4 ची एकेरी पूर्ण कोर्टावर असते. इतकी वर्षं अर्ध्या कोर्टावर घडवलेला खेळ घेऊन दुप्पट रुंदी राखायची, तीही ज्यांचा पाय आपल्यापेक्षा बरा आहे त्यांच्यासमोर. पारुल परमार यांनी हे दार निवडलं. गुजरातच्या पारुल परमार म्हणजे या खेळातलं फार मोठं नाव. लहानपणी पोलिओ झालेला, 2009 चा अर्जुन पुरस्कार, किती तरी वर्षं आपल्या गटात त्यांना हरवणारं कोणी नव्हतं. 2021 ला टोकियोत एसएल-4 मध्ये उतरल्या तेव्हा त्या 48 वर्षांच्या होत्या. गटसाखळीतच बाहेर पडल्या. आयुष्यभर ज्या खेळात राज्य केलं, तो पॅरालिम्पिकमध्ये आला तेव्हा त्यांना दुसऱ्याच्या कोर्टावर उभं राहावं लागलं. ते निकाल मी बघितले आणि त्या दिवशी बॅचला गेले नाही.

दुसरं दार दुहेरीचं. एसएल-3 ते एसयू-5 या गटांची दुहेरी एकत्र होते, आणि तिथे एक नियम मला फार आवडतो. जोडीतल्या दोघांच्या गटांचे आकडे मिळवायचे, बेरीज आठच्या वर जाता कामा नये. तीन आणि पाच चालतात, चार आणि चार चालतात, चार आणि पाच चालत नाहीत. म्हणजे एसयू-5 च्या चपळ खेळाडूला जोडीदार हवा असेल तर तो एसएल-3 मधूनच शोधावा लागतो. जास्त अपंगत्व असलेल्या खेळाडूला इथे कुणी दयेने घेत नाही, त्याच्याशिवाय जोडीच होत नाही. टोकियोत महिला दुहेरीत पारुल परमार आणि पलक कोहली अशाच उतरल्या, आणि मिश्र दुहेरीत प्रमोद भगत आणि पलक तर चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. मानसीनेही मिश्र दुहेरीतून प्रयत्न केला. तिला टोकियोचं तिकीट मिळालं नाही. एकेरीची विश्वविजेती असल्याचा इथे काही उपयोग नव्हता, कारण पात्रता जोडीच्या क्रमवारीवर ठरते.

तिसरं दार म्हणजे थांबणं. तिच्या वाट्याला तेच आलं.

इथे सुकांत कदमची आठवण काढायला हवी. तो सांगली जिल्ह्यातला, लहानपणी गुडघ्याला दुखापत झाली, आणि पुढे पुण्यात सराव करून घडला. एसएल-4 मधला. टोकियोला तोही गेला नाही, कारण त्याच्या गटात भारताकडून सुहास यथिराज आणि तरुण ढिल्लों पुढे होते. ते दुःख खेळातलं आहे. हरलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी हॉलवर येतो आणि काय कमी पडलं ते शोधतो. मानसीने काय शोधायचं होतं? तिच्या खेळात काहीच कमी पडलेलं नव्हतं. महाराष्ट्राचेच दोघं, एकाच वर्षी घरी राहिले, आणि तरी ही दोन घरी राहणी एकसारखी नाहीत.

यादीत जागा का नव्हती

यात कोणी मुद्दाम अन्याय केला असं मी म्हणणार नाही. प्रत्येक खेळाला खेळाडूंची आणि पदकांची संख्या बांधून दिलेली असते. एखादा प्रकार घ्यायचा की नाही हे ठरवताना त्यात जगभरात किती खेळाडू आहेत, किती देशांतून आहेत, चुरस आहे का, हे बघितलं जातं. महिला एसएल-3 मध्ये तेव्हा संख्या तोकडी पडत होती.

पण ती का तोकडी होती, हा खरा प्रश्न. पायाने अधू असलेल्या स्त्रिया जगात कमी आहेत का? पोलिओने मुलगा-मुलगी बघितलं नाही. रस्त्यावरचा ट्रकही बघत नाही. पुरुषांच्या एसएल-3 ला कधी खेळाडूंचा तुटवडा पडला नाही. म्हणजे मुली हॉलच्या दारापर्यंतच पोचत नव्हत्या, आणि पोचल्या तर आत येत नव्हत्या. मग खेळाडू कमी म्हणून पदक नाही, पदक नाही म्हणून प्रायोजक, नोकरी, सरकारी मदत यांपैकी काही नाही, आणि ते नाही म्हणून आईवडील म्हणतात, कशाला उगाच, अभ्यास कर. पुढच्या वेळी पुन्हा मोजायला बसलं की खेळाडू कमीच.

शिवाय आता पोलिओ राहिलेला नाही. 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, फार चांगलं झालं. पारुल परमार, प्रमोद भगत ही पिढी पोलिओतून आलेली. पाय तसाच होता आणि ती त्यासह लहानपणापासून खेळत मोठी झाली. मानसी, नितेश यांची पिढी अपघातांतून येते. विशीत पाय गेलेल्या मुलीला हॉलवर परत कोण आणणार? रुग्णालयातून घरी सोडताना तिला चालायला शिकवतात. खेळायचं का, हे तिला कोणी विचारतच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक मुलगी आली. कॉलेजात जाणारी, पाय गुडघ्याच्या वरून गेलेला. मी ज्या हॉलवर शिकवते तिथल्या व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या पायाने मॅट फाटेल. मी तिला म्हटलं, पँट जरा वर कर. कृत्रिम पायाच्या पंज्यावर तोच बॅडमिंटनचा बूट होता जो दुसऱ्या पायात होता, रबरी तळव्याचा, डाग न पाडणारा. मॅटला कळणारही नाही कुठला पाय कुठला. त्यांनी बूट बघितला, आणि मग म्हणाले, पडली तर जबाबदारी कोणाची? तिच्या आईने तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं. इतर कुठल्याही मुलाच्या आईकडून मी असा कागद कधी घेतलेला नाही. त्या दिवशी घेतला, कारण नाही म्हटलं असतं तर ती मुलगी परत गेली असती. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

ते बूटही सोपे नव्हते. कृत्रिम पाऊल ठरावीक टाचेच्या उंचीला जुळवलेलं असतं. नव्या बुटाची टाच थोडी जरी उंच निघाली तरी सगळा पाय पुढे कलतो. तीन जोड बदलून मग चौथा जमला. हे मला तिनेच शिकवलं.

पॅरिस

2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकसाठी यादी बदलली. खेळाडू 90 वरून 120, प्रकार 14 वरून 16. महिला एकेरीत एसएल-3 आणि एसएच-6 दोन्ही आले, एसएच-6 ची मिश्र दुहेरीही आली. पुरुषांइतकेच सहा एकेरी गट महिलांनाही मिळाले. त्याच वेळी एसएल-3 ते एसयू-5 ची महिला दुहेरी मात्र काढून टाकली. बेरजेचा तो नियम जिथे सगळ्यात सुंदर चालत होता त्यातलंच एक ठिकाण गेलं. हे मला पटलेलं नाही.

मानसी पॅरिसला गेली. पाच वर्षं उलटली होती, ती 35 ची झाली होती, आणि तोवर तिचा गट तरुण झाला होता. इंडोनेशियाच्या कोनिताह इख्तियार स्याकुरोहने तिला तीन गेममध्ये हरवलं, मग युक्रेनच्या ओक्साना कोझिनानेही तीन गेममध्येच. मानसी गटसाखळीतून बाहेर. भारताची मनदीप कौर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. सोनं चीनच्या शियाओ झुशियानला, रौप्य कोनिताहला, आणि कांस्य नायजेरियाच्या मरियम एनिओला बोलाजीला. पॅरा-बॅडमिंटनमध्ये आफ्रिकेचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक.

ज्या गटात खेळाडू पुरेसे नाहीत म्हणून तीन वर्षांपूर्वी जागा नव्हती, त्या गटाच्या पहिल्याच पदकमंचावर चीन, इंडोनेशिया आणि नायजेरिया उभे होते. संख्या आधी आणि पदक मागून, हा क्रम उलटाही चालतो असं मला यातून दिसतं. दार उघडलं की माणसं येतात.

आपल्याकडचं आणखी एक उदाहरण त्याच स्पर्धेतलं. पॅरिसला बॅडमिंटनमध्ये भारताने पाच पदकं जिंकली. नितेशचं सुवर्ण, सुहास यथिराजचं रौप्य धरून पुरुषांकडे... थांबा, आधी महिलांचं सांगते, ते नेहमी मागून येतं. एसयू-5 मध्ये तुलसीमती मुरुगेसनला रौप्य आणि मनीषा रामदासला कांस्य. एसएच-6 मध्ये नित्या श्री सिवनला कांस्य, इंडोनेशियाच्या रिना मार्लिनाला 21-14, 21-6 असं हरवून. टोकियोत भारताच्या महिलांकडे या खेळातलं एकही पदक नव्हतं. आणि नित्याचा गट टोकियोत नव्हताच. ती तेव्हा कितीही चांगली असती तरी घरीच बसली असती.

आणि हो, सुकांतही पॅरिसला खेळला, पण कांस्यपदकाच्या सामन्यात इंडोनेशियाच्या फ्रेडी सेतियावानकडून 17-21, 18-21 असा हरला. टोकियोला घरी राहिलेल्या दोघांपैकी त्याचा हिशोब पदकाच्या एका सामन्यावर अडला.

मानसीचा हिशोब पूर्ण झाला का? तिच्या खेळाची ऐन वर्षं, 2019 ते 2021, यादीबाहेर गेली. अर्जुन पुरस्कार 2022 मध्ये मिळाला, मानसन्मान मिळाले. पॅरालिम्पिक पदक नाही. दोन्ही सामने तिने तिसऱ्या गेमपर्यंत खेचले. बासेलची मानसी पॅरिसला उतरली असती तर, हा विचार मनात येतोच, आणि मी तो दाबत नाही.

हॉलवर

पालकांच्या प्रश्नाला मी आता काय सांगते? सांगते की हो, आहे. पण जिल्ह्याच्या पातळीवर तिच्या गटात तिच्यासमोर बहुधा कोणी नसेल. सुरुवातीला सराव धडधाकट मुलांबरोबर करावा लागेल. वर्गीकरण करून घ्यावं लागेल, आणि गट बदलला तर सगळा खेळ बदलेल. सॉकेटचा खर्च डोक्यात ठेवा. आणि आणखी एखादी मुलगी ओळखीत असेल तर तिलाही घेऊन या, कारण एकटीने गट होत नाही.

अर्ध्या कोर्टासाठी हॉलमध्ये काय लागतं, हेही लोक विचारतात. मधली रेषा कोर्टावर असतेच. फक्त ती सर्व्हिसच्या पुढच्या रेषेपाशी थांबते, नेटपर्यंत जात नाही. तेवढा तुकडा वाढवावा लागतो, दोन्ही बाजूंना 1.98 मीटर. म्हणजे पांढऱ्या चिकटपट्टीचे जेमतेम चार मीटर.

आमच्या हॉलवर रात्रीच्या बॅचला ती पट्टी खेळताना डोळ्यांत येते म्हणून निघताना काढून ठेवायची, असं ठरलं आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी सहाला ती मुलगी आधी खाली बसते, कृत्रिम पाय सरळ बाजूला पसरते आणि नेटखालून सुरुवात करून पट्टी लावत येते. मागच्या महिन्यापासून तिच्यासोबत दुसऱ्या बाजूने आणखी एकजण लावते. तिची नववी चालू आहे, आणि तिचा फटका अजून नेटमध्ये जातो.